बहिणीला लागलेला ‘एस’: एका इंग्रजी उत्तरपत्रिकेतील चार खुणांचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत घडले. शाळेचे आणि व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही, आणि कोणाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मी त्या शाळेत इंग्रजी शिकवतो. त्या वर्षी दहावीच्या दोन तुकड्यांपैकी एक माझ्याकडे होती आणि दुसरी नुकत्याच रुजू झालेल्या एका शिक्षिकेकडे होती. त्या मेहनती आहेत, वह्या वेळेवर तपासतात आणि मुलांना कधीही रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. हे आरंभीच सांगतो, कारण पुढे जे घडले ते निष्काळजीपणातून घडले नाही.

आमच्या मुलांच्या घरी वऱ्हाडी बोलली जाते, पाठ्यपुस्तकांत प्रमाण मराठी असते आणि इंग्रजी ही तृतीय भाषा आहे. राज्यात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जात असल्यामुळे दहावीपर्यंत मुलांच्या कानांवरून ‘विथ’, ‘ऑफ’, ‘फॉर’ हे शब्द हजारदा गेलेले असतात. लिहिताना मात्र ती अडखळतात, आणि विशेषतः अशा एका प्रिपोझिशननंतर, म्हणजे नामाआधी येऊन त्याचा संबंध दाखवणाऱ्या शब्दानंतर, ‘अँड’ने जोडलेली दोन नामे आली, त्यातले एक अनेकवचनी आणि दुसरे एकवचनी असले, की हात थबकतो.

सराव परीक्षेचा पेपर बोर्डाप्रमाणेच ८० गुणांचा होता. त्यात कुटुंबावर एक परिच्छेद, कृषी सेवा केंद्राला एक पत्र आणि चित्रवर्णन असे प्रश्न होते.

अडचण

उत्तरपत्रिका वाटल्यानंतर चौथ्या दिवशी एका विद्यार्थिनीचे वडील शाळेत आले. ते कापूस आणि तूर पिकवतात, स्वतः सातवीपर्यंत शिकलेले आहेत. मी म्हटले, “बसा भाऊ.” ते बसले नाहीत. त्यांनी उत्तरपत्रिका टेबलावर सरळ करून ठेवली आणि म्हणाले, “सर, पोरीचं चुकलं असंन तं चुकलं म्हना, पन काय चुकलं ते तिले सांगा. दोन दिवसांपासून ते एकच पान पायते.”

त्यांच्या पोरीच्या चार वाक्यांवर लाल खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेला अर्धा गुण गेला होता.

पहिले वाक्य होते: «आय लिव्ह विथ माय ब्रदर्स अँड सिस्टर.» शिक्षिकेने ‘सिस्टर’ला लाल शाईने ‘एस’ जोडला होता. या मुलीला दोन भाऊ आहेत आणि बहीण एकच आहे.

दुसरे वाक्य पत्रातले होते: «प्लीज टेल मी द प्राइस ऑफ द बॅग्ज अँड द पंप.» येथे ‘पंप’ला ‘एस’ लागला होता.

तिसरे: «माय फादर वेन्ट टू द फील्ड विथ दीज बुलक्स अँड कार्ट.» येथे ‘कार्ट’चे ‘कार्ट्स’ झाले होते, म्हणजे घरच्या एका बैलबंडीच्या कागदावर अनेक बंड्या झाल्या होत्या.

चौथे चित्रवर्णनातले: «देअर वॉज अ हीप ऑफ कॉटन स्टॉक्स अँड अ सिकल.» चित्रात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग आणि त्याच्या बाजूला एक विळा होता. ‘सिकल’च्या आधीचा ‘अ’ खोडून शब्दाचे ‘सिकल्स’ केले होते.

चारही दुरुस्त्यांमागे एकच नियम उभा असल्याचे पान वाचताच कळत होते: प्रिपोझिशननंतर पहिले नाम अनेकवचनी असेल तर दुसरेही अनेकवचनी हवे. असा नियम इंग्रजीत नाही. तरीही चार खुणांपैकी एक खूण अगदीच अकारण नव्हती आणि एक वाक्य खरोखरच विचार करायला लावणारे होते, म्हणून ‘मॅडम चुकल्या’ एवढे म्हणून पेपर परत करणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

नियम आला कुठून

मधल्या सुट्टीत मी शिक्षिकेशी बोललो. त्यांनी शांतपणे सांगितले की पदवीच्या वर्गात त्यांना ‘अँड’च्या दोन्ही बाजू समान ठेवाव्यात असे शिकवले होते. हे शिकवणे खरे आहे, पण ती समानता वचनाची नव्हे, तर रचनेची आहे. ‘अँड’ नामाला नाम जोडतो आणि क्रियापदाला क्रियापद जोडतो. «शी लाइक्स रीडिंग अँड टू स्विम» हे वाक्य कानाला खटकते ते याच कारणाने. जोडलेल्या नामांची संख्या सारखी असावी, असे त्यात कुठेच अभिप्रेत नाही. वर्षे जातात, नियमाचा पहिला अर्धा लक्षात राहतो आणि दुसरा अर्धा मन स्वतःच भरून काढते.

मात्र मन तो अर्धा नेमका अनेकवचनानेच का भरते, या प्रश्नाने मला त्या दिवशी बराच वेळ धरून ठेवले. उत्तर आपल्या मराठीत सापडले. ‘मी भाऊ आणि बहीण यांच्यासोबत राहते’ हे वाक्य पाहावे. ‘भाऊ’ हा शब्द एकवचनातही ‘भाऊ’ आणि अनेकवचनातही ‘भाऊ’च असतो, त्यामुळे किती भाऊ हे या वाक्यातून कळत नाही. बहीण एक आहे, पण तिच्यामागून येणारे ‘यांच्या’ हे रूप अनेकवचनीच आहे, कारण ते दोघांना एका मोळीत बांधते आणि मग त्या मोळीला ‘सोबत’ जोडते. सामासिक शब्दांतही तेच होते: ‘आईवडिलांसोबत’, ‘बहीणभावांसोबत’. ‘सोबत’च्या आधीच्या अक्षरावरचा अनुस्वार साऱ्या जोडीचे अनेकवचन दाखवतो. प्रमाण मराठीत लिहिण्याची सवय पक्की झालेल्या माणसाच्या मनात ‘जोडी झाली की अनेकवचन’ ही ओढ अशी आतून तयार असते, आणि तीच ओढ इंग्रजी वाक्यात ‘सिस्टर’च्या शेपटाला ‘एस’ लावून मोकळी होते.

इंग्रजीत ‘यांच्या’सारखी मोळी बांधणारी दोरी नाही. तेथे प्रिपोझिशन आधीच येते, एकदाच उच्चारले जाते आणि पुढच्या दोन्ही नामांवर आपापले चालते. प्रिपोझिशनचा अधिकार विभक्तीवर आहे, आणि आजच्या इंग्रजीत ती विभक्ती फक्त सर्वनामांत दिसते: «विथ हिम अँड हर», «बिट्वीन यू अँड मी». नामाच्या वचनाशी प्रिपोझिशनला काहीही कर्तव्य नसते. भाऊ दोन असतील तर ‘ब्रदर्स’, बहीण एक असेल तर ‘सिस्टर’. जेवढे प्रत्यक्षात आहे तेवढेच वचन.

शिक्षिकेला हे पटवण्यासाठी मला व्याकरणाचे पुस्तक उघडावे लागले नाही. आमच्या भागावर निबंध लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी एक वाक्य लिहितोच: «विदर्भ इज नोन फॉर कॉटन अँड ऑरेंजेस.» त्यांनीही हे वाक्य कितीदा तरी बरोबर म्हणून तपासले होते. येथे ‘फॉर’नंतर ‘कॉटन’ एकवचनी आहे, कारण कापूस मोजला जात नाही, तोलला जातो. आणि ‘ऑरेंजेस’ अनेकवचनी आहे. समान वचनाचा नियम खरा असता तर येथे ‘कॉटन्स’ लिहावे लागले असते. मॅडम काही वेळ त्या वाक्याकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी स्वतःच विचारले, “सर, मग मी इतर किती पोरांचे गुण कापले असतील?”

विचारात घेतलेले मार्ग

पहिला मार्ग सोपा होता. त्या एका मुलीचे गुण वाढवून द्यावेत आणि विषय मिटवावा. वडील समाधानाने घरी गेले असते. पण चुकीचा नियम त्या तुकडीतल्या साऱ्या मुलांच्या वहीत उतरलेला होता आणि बोर्डाची परीक्षा जवळ आली होती.

दुसरा मार्ग मुख्याध्यापकांनी सुचवला: दोन्ही तुकड्या एकत्र बसवून मी तो घटक पुन्हा शिकवावा. यात वेळ वाचला असता. परंतु गावात शिक्षकाचा शब्द जाणे म्हणजे काय असते ते मी जाणतो. तरुण शिक्षिकेच्या वर्गात दुसऱ्याने जाऊन तिची दुरुस्ती करावी, आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट पारावर पोचावी, हे मला मान्य नव्हते.

तिसरा मार्ग शिक्षिकेचाच होता आणि तो मला बराच वेळ योग्य वाटला. मुलांना सरसकट सांगायचे की प्रिपोझिशन दोन्ही नामांपूर्वी लिहा: «विथ माय ब्रदर्स अँड विथ माय सिस्टर». यात वचनाचा गोंधळ सुटतो आणि वाक्य चूकही ठरत नाही. पण सरसकट नियम म्हणून तो दोन ठिकाणी अडतो. एक म्हणजे ‘बिट्वीन’. शेतकरी आणि व्यापारी यांच्यातला वाद सांगताना «बिट्वीन द फार्मर्स अँड द ट्रेडर» असेच म्हणावे लागते. ‘बिट्वीन’ला दोन्ही बाजू एकाच वेळी लागतात आणि त्यातली एक अनेकवचनी व दुसरी एकवचनी असली तरी त्याचे काही बिघडत नाही. दुसरे म्हणजे, प्रिपोझिशन दोनदा लिहिले की कधीकधी अर्थच सरकतो. ‘ऑफ द बॅग्ज अँड ऑफ द पंप’ म्हटले की दोन वेगळ्या किमती विचारल्यासारखे वाटते.

चौथा मार्ग आम्ही स्वीकारला: उत्तरसूची दोघांनी मिळून नव्याने लिहायची, मॅडमनी आपल्या सर्व उत्तरपत्रिका तिच्यावरून पुन्हा तपासायच्या आणि वर्गात दुरुस्ती त्यांनी स्वतःच करायची.

चार वाक्यांचा निवाडा

पहिल्या वाक्याबद्दल वाद नव्हता. ‘माय’ हा शब्द वचनाने बदलत नाही, म्हणून तो ‘ब्रदर्स’ आणि ‘सिस्टर’ दोघांनाही चालतो. अर्धा गुण परत दिला. पुढच्या वेळी «माय टू ब्रदर्स अँड माय सिस्टर» असे लिहिल्यास ‘टू’ हा आकडा बहिणीपर्यंत पोचणार नाही, एवढी सूचना समासात लिहिली.

दुसरे वाक्यही शुद्ध होते. उलट लाल शाईने त्याचा अर्थ बिघडवला होता. मुलीला एकच फवारणी पंप हवा होता. ‘पंप्स’ वाचून दुकानदाराने अनेक पंपांचा भाव कळवला असता. मात्र या वाक्यात निराळीच एक संदिग्धता आहे. ‘द प्राइस’ एकवचनी असल्यामुळे विचारणारीला बॅगा आणि पंप मिळून एकच रक्कम हवी आहे, की प्रत्येकाचा भाव हवा आहे, हे कळत नाही. वेगवेगळे भाव हवे असतील तर ‘द प्राइसेस’ म्हणणे बरे. म्हणजे ‘एस’ लागायचाच तर तो ‘ऑफ’च्या अलीकडे लागायला हवा होता, पलीकडे नव्हे. याच प्रश्नात इतर काही मुलांनी «द प्राइस ऑफ द बॅग्ज आर» अशी सुरुवात केली होती. तेथे क्रियापद जवळच्या ‘बॅग्ज’कडे ओढले गेले होते, तर त्याचा कर्ता ‘प्राइस’ होता.

तिसऱ्या वाक्यात मुलगी चुकली होती. ‘दीज’ हा शब्द ‘माय’सारखा सर्वांना चालणारा नाही, तो अनेकवचनाशीच जातो. ‘दीज बुलक्स’ ठीक आहे, पण ‘दीज कार्ट’ होत नाही. म्हणून ‘कार्ट’साठी ‘धिस’ वेगळा लिहावा लागतो: «विथ दीज बुलक्स अँड धिस कार्ट». शिक्षिकेची खूण योग्य जागी होती, तिची दुरुस्ती चुकीची होती. अर्धा गुण गेला तो गेलाच राहिला, फक्त त्याचे कारण बदलून लिहिले. मला या वाक्याचे विशेष मोल वाटते, कारण खरी काळजी कोठे घ्यायची हे त्यातून स्पष्ट होते. प्रिपोझिशन निरुपद्रवी आहे. लक्ष ठेवायचे ते ‘दीज’, ‘मेनी’, ‘अ’, ‘इच’ या नामाआधी बसणाऱ्या छोट्या शब्दांवर. «विथ अ पेन अँड नोटबुक्स» चालते, कारण ‘अ’ पेनापाशीच थांबतो. «विथ मेनी नोटबुक्स अँड पेन» लिहिले की एकट्या पेनाला ‘मेनी’ झेपत नाही.

चौथ्या वाक्यावर आम्ही दोघे सर्वांत जास्त बोललो. येथे प्रश्न असा की ‘ऑफ’ची हद्द कोठे संपते? ढीग पऱ्हाट्यांचा आहे आणि विळा निराळा पडला आहे, की पऱ्हाट्या व विळा मिळून ढीग आहे? ‘सिकल’च्या आधीचा ‘अ’ हे कुंपण आहे. त्याच्यामुळे विळा ढिगाच्या बाहेर राहतो. तो ‘अ’ खोडून ‘सिकल्स’ केल्याबरोबर अनेक विळे ढिगात शिरले, आणि चित्रात तसे काही नव्हते. गुण परत दिला.

वर्गातील कार्यवाही

दुरुस्तीच्या तासाला मॅडमच्या विनंतीवरून मी मागच्या बाकावर बसलो. त्यांनी आरंभीच सांगितले की मागच्या तपासणीत एक नियम चुकीचा लावला गेला होता आणि तो त्यांनीच लावला होता. वर्ग एकदम शांत झाला. मग त्यांनी फळ्यावर ‘मी भाऊ आणि बहीण यांच्यासोबत राहते’ हे वाक्य लिहिले आणि विचारले, “हेच घरी आईजवळ कसं म्हणाल?”

पोरे आधी हसली. शाळेत वऱ्हाडी बोलू नये असे त्यांना कोणी ना कोणी सांगितलेले असते, आणि फळ्यावर ती लिहिली जाईल असे त्यांना वाटलेही नव्हते. मग खिडकीकडच्या बाकावरून उत्तर आले: “मी माह्या भावाइसंग अन् बहिनीसंग रायतो.” मॅडमनी ते जसेच्या तसे लिहिले आणि ‘भावाइ’ व ‘बहिनी’ या दोन रूपांखाली रेघ ओढली. ‘भावाइसंग’ म्हणजे अनेक भाऊ, ‘भावासंग’ म्हणजे एक; ‘बहिनीसंग’ म्हणजे एकच बहीण. घरच्या बोलीत ‘संग’ प्रत्येक नामाला स्वतंत्र लागतो आणि प्रत्येक नाम आपले वचन स्वतःच दाखवते. इंग्रजीत ‘विथ’ एकदाच येतो, पण हिशेब तोच. ज्या मुलांना दहा वर्षे ‘तुमची भाषा इंग्रजीच्या आड येते’ असे ऐकवले गेले होते, त्यांच्याच बोलीतले वाक्य या ठिकाणी प्रमाण मराठीपेक्षा इंग्रजीच्या अधिक जवळ उभे होते. त्या क्षणी वर्गातली मुले ज्या रीतीने ताठ बसली, ते मी विसरणार नाही.

त्यानंतर त्यांनी एक चाचणी दिली, जिला वर्गाने लगेच ‘सुटं करून वाचणं’ असे नाव ठेवले. प्रिपोझिशन आणि त्याच्या पुढचा छोटा शब्द प्रत्येक नामासोबत सुटा वाचायचा. ‘विथ माय ब्रदर्स’ जमते, ‘विथ माय सिस्टर’ जमते, म्हणून वाक्य बरोबर. ‘विथ दीज बुलक्स’ जमते, ‘विथ दीज कार्ट’ जमत नाही, म्हणून दुरुस्ती हवी. ‘हीप ऑफ स्टॉक्स’ जमते, ‘हीप ऑफ अ सिकल’ जमत नाही. एका विळ्याचा ढीग होत नाही, म्हणून विळा ‘ऑफ’च्या बाहेर आहे. ‘बिट्वीन’ मात्र असा सुटा वाचता येत नाही, हे मॅडमनी वेगळे सांगितले.

परिणाम

फेरतपासणीत त्या मुलीला दीड गुण परत मिळाला. तिच्याखेरीज आणखी काही मुलांचे गुण वाढले. एक निर्णय मात्र अवघड गेला. शिकवलेल्या नियमाप्रमाणे ज्यांनी एका बहिणीच्या जागी ‘सिस्टर्स’ लिहिले होते आणि ज्यांना पूर्ण गुण मिळाले होते, त्यांचे गुण कापायचे का? आम्ही कापले नाहीत. त्यांनी शिक्षकावर विश्वास ठेवला होता. त्याचा दंड त्यांना देणे न्यायाचे नव्हते. त्यांच्या पानांवर फक्त दुरुस्ती लिहिली.

पुढच्या घटक चाचणीत ‘एस’ अकारण लावण्याची चूक बहुतांशी गेली. तिच्या जागी दोन नव्या गोष्टी दिसल्या. काही मुले प्रिपोझिशन प्रत्येक नामाआधी लिहू लागली, आणि त्यातल्या दोघांनी «बिट्वीन द फार्मर्स अँड बिट्वीन द ट्रेडर» असेही लिहिले. वऱ्हाडी वाक्याचा आधार घेतल्याचा हा उलट परिणाम होता. पाणी, खत, माहिती अशा मोजता न येणाऱ्या नामांबद्दलचा संभ्रमही तसाच राहिला, कारण त्या तासाला आम्ही त्याला हात घातला नव्हता. ‘इन्फर्मेशन्स’ अजूनही वह्यांत भेटते.

मुलीचे वडील पुन्हा आले तेव्हा मॅडमनीच त्यांना चारही वाक्ये समजावून सांगितली, बंडीचे वाक्य का चुकले तेही सांगितले. ते म्हणाले, “बस, एवढंच पायजे होतं.”

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी माझ्याबद्दल. दोन्ही तुकड्यांचा पेपर एकच होता, तरी तपासणीपूर्वी आम्ही दोघांनी उत्तरसूची एकत्र बसून केली नव्हती. अनुभवाने मी मोठा होतो आणि पुढाकार मी घ्यायला हवा होता. अर्धा तास बसलो असतो तर एका मुलीला दोन दिवस एकाच पानाकडे पाहत बसावे लागले नसते. पालक टेबलापाशी येईपर्यंत शेजारच्या वर्गात काय शिकवले जाते ते मला ठाऊक नसणे, ही माझी चूक होती.

दुसरे, वऱ्हाडी वाक्यासोबत प्रमाण मराठीचे वाक्यही त्याच तासाला पूर्ण उलगडायला हवे होते. ‘यांच्या’ काय करते हे मॅडमना मी सांगितले, मुलांना मात्र ते सांगितले गेले नाही. ते कळले असते तर ‘बिट्वीन’ची चूक कदाचित टळली असती, कारण ‘शेतकरी व व्यापारी यांच्यात’ ही मोळी ‘बिट्वीन’ला नेमकी जुळते. ‘विथ’साठी बोलीकडे पाहावे आणि ‘बिट्वीन’साठी पुस्तकी मराठीकडे, अशी मांडणी यंदा आठवीपासूनच करायचे आम्ही ठरवले आहे.

चौथ्या वाक्यातल्या ‘वॉज’बद्दल मात्र आमच्या दोघांत अजून एकमत नाही. ढीग आणि विळा या दोन वस्तू आहेत, म्हणून काटेकोर लिहिणारा तेथे ‘वेअर’ लिहील, असे मॅडमचे मत आहे. ‘देअर’ने सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद लगतच्या ‘अ हीप’शी जुळवून घेते आणि चांगले लिहिणारेही ‘वॉज’ लिहितात, असे माझे म्हणणे आहे. नव्या उत्तरसूचीत त्या वाक्यापुढे दोन्ही रूपे लिहून दोघांनी सह्या केल्या आहेत.